तेवीस किल्ल्या, एक उघडं दार

परस्परविश्वास हा समाजाचा पाया आहे, आणि कुठल्याही पायाप्रमाणे तो जमिनीखाली असल्यामुळे सहसा कुणाला दिसत नाही. पेन्सिल्वेनियातल्या टॅनर्स फोर्क या गावानं तो एकदा खणून पाहायचं ठरवलं. खोदकामाला चौदा महिने लागले.

गावची लोकसंख्या अकराशे चाळीस. बंदुका अंदाजे तीन हजार दोनशे साठ. यातला पहिला आकडा सरकारचा आहे आणि दुसरा ऑरिन केस्लरचा, म्हणून दुसऱ्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. ऑरिननं चौतीस वर्षं गावच्या पाण्याचे मीटर वाचले. मीटर तळघरात असतात आणि गावकऱ्यांच्या बंदुकाही तळघरातच असतात. कुणाच्या घर तापवायच्या भट्टीमागे किती नळ्या उभ्या आहेत, हे त्याला घरच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि इतकं ठाऊक असूनही तो कधी कुणाबद्दल चकार शब्द बोलला नाही. त्यामुळे साहजिकच सगळ्यांना त्याचा संशय येई.

गावात दोन पक्ष होते. एक हक्कवाले. त्यांचं म्हणणं, बंदूक माझी, घर माझं, तू कोण विचारणारा? दुसरे कुलूपवाले. त्यांचं म्हणणं, बंदूक तुझी, घर तुझं, पण गोळी भिंतीतून माझ्याकडे येते. (तिसरा पक्ष सभेनंतरच्या जेवणात रस असलेल्यांचा. त्याचं बहुमत होतं, पण त्याला कुणी मत विचारलं नाही.) वर्षानुवर्षं हे दोन्ही पक्ष एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर, एकमेकांची मीठदाणी वापरून गुण्यागोविंदानं भांडत आले होते.

घोडं अडलं ते सोडतीमुळे.

गावचं स्वयंसेवी अग्निशमन दल दरवर्षी सोडत काढतं. पहिलं बक्षीस शिकारीची रायफल, दुसरं अर्धा डुक्कर, तिसरं बर्फ उपसायचं फावडं. त्या वर्षीचं उत्पन्न बालवाडीच्या झोपाळ्यांसाठी होतं. डेल्फिन ऑर्टमनबाईंनी नेहमीप्रमाणे पाच तिकिटं घेतली. बाई शहात्तर वर्षांच्या. पन्नास वर्षं त्यांनी गावातल्या पोरांना पियानो शिकवला, आणि सध्या त्या कुलूपवाल्यांच्या अध्यक्षा होत्या (सभासदसंख्या नऊ). बाईंचा डोळा अर्ध्या डुकरावर होता. त्यांना रायफल लागली.

बाई रायफल घेईनात, कारण ती रायफल होती. परतही करीनात, कारण परत केली तर ती दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असती. हक्कवाल्यांचा म्होरक्या वेंडल क्रूगर, टायरचं दुकान चालवणारा सहा फुटी माणूस, टोपी काढून त्यांच्या दारात गेला.

"बाई, माझं डुक्कर घ्या आणि ती रायफल मला द्या. प्रश्नच मिटला."

"वेंडल, तुला डुक्कर लागलं होतं?"

"हो, बाई."

"म्हणजे रायफल मिळावी म्हणून तू डुक्कर सोडायला तयार आहेस. अशा माणसाच्या हातात मी रायफल देऊ?"

वेंडलनं टोपी परत डोक्यावर घातली आणि तो निघाला. अखेर बाईंनी रायफल ताब्यात घेतली. (कायद्याप्रमाणे त्यांची पार्श्वभूमी तपासण्यात आली. ती स्वच्छ निघाली. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली ग्रंथालयाचं एक पुस्तक उशिरा परत केल्याची नोंद कुठंच नव्हती, ती त्यांनी आपणहून करून दिली.) कुलूपवाल्यांच्या अध्यक्षेच्या घरात बंदूक आल्यामुळे आता काय ते ठरवणं भागच होतं, आणि ग्रामपरिषदेनं बंदूकविषयक समन्वय, सामोपचार व परस्परविश्वास समिती स्थापन केली. सहा सभासद इकडचे, सहा तिकडचे. अध्यक्षपदी ऑरिन केस्लर, कारण दोन्ही बाजूंचा त्याच्यावर सारखाच अविश्वास होता. अशी निःपक्षपाती निवड लोकशाहीत क्वचितच पाहायला मिळते.

ऑरिननं ती जबाबदारी का पत्करली, हे त्यानं समितीला सांगितलं नाही. खरं कारण सहा वर्षांचं होतं आणि त्याचं नाव पाइपर होतं. ऑरिनची मुलगी मार्नी पिट्सबर्गला नर्स होती, तातडीच्या विभागात. आदल्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, तिनं फोनवर विचारलं होतं, "बाबा, बंदुका कुलपात आहेत ना?" चार बंदुका होत्या, तळघरात, भिंतीला टेकून, जशा ऑरिनच्या बापाच्या होत्या आणि आजाच्या होत्या. आता 'नाही, पण घालतो' एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. ऑरिन म्हणाला, "तू याच घरात वाढलीस. तुला काही झालं का?"

"मी कामावर काय बघते ते तुम्हाला सांगू का, बाबा?"

"स्वतःच्या बापाला विचारतेस?"

"बापालाच तर विचारतेय. परक्याला विचारलं असतं का?"

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मार्नी, तिचा नवरा आणि पाइपर हायवेवरच्या मोटेलात उतरले. दुपारी येऊन टर्की खाल्ली आणि अंधार पडायच्या आत निघून गेले. माडीवरच्या खोलीत नातीसाठी लावलेला ससेवाला पलंग तसाच राहिला. ऑरिन मधूनमधून वर जाऊन त्याची चादर बदलून यायचा. त्याची बायको आर्डिस खालून ओरडायची, "झोपणारी झोपली नाही, मग चादर मळली कशी?"

समितीनं चौदा महिन्यांत एकतीस बैठका घेतल्या. इतिवृत्तावरून कामाचा आवाका लक्षात येतो. पहिल्या चार बैठका कोण कुठं बसणार यावर गेल्या. पाचवीत 'बंदूक' या शब्दाऐवजी दोन्ही बाजूंना न दुखवणारा शब्द शोधण्यासाठी उपसमिती नेमली, तिनं 'वस्तू' हा शब्द सुचवला. सहावी ते अकरावी, वस्तूबद्दल मतभेद. बाराव्या बैठकीला बाईंनी लिंबाच्या वड्या आणल्या आणि वेंडलच्या बायकोनं ओव्हनमध्ये भाजलेलं शेंगांचं कॅसरोल. त्या दिवशी तीन ठराव एकमतानं मंजूर झाले, तिन्ही खाद्यपदार्थांविषयी. पण हळूहळू वातावरण निवळत गेलं, आणि सव्विसाव्या बैठकीत अहवालाचं सुप्रसिद्ध कलम चार जन्माला आलं.

कलम चार असं: प्रत्येक वस्तुधारकानं आपल्या वस्तू लोखंडी कपाटात ठेवाव्यात आणि कपाटाची किल्ली विरुद्ध पक्षाच्या एका व्यक्तीकडे द्यावी. या व्यक्तीस 'विश्वस्त' म्हणावे. वस्तू हवी असल्यास धारकानं विश्वस्ताच्या दारी जाऊन पावतीच्या दोन प्रतींवर सही करावी आणि किल्ली घ्यावी.

हक्कवाल्यांना यात आपला हक्क शाबूत दिसला आणि कुलूपवाल्यांना कुलूप. फक्त एक बारीक अडचण होती. बंदुका असलेली घरं एकशे सत्त्याऐंशी आणि कुलूपवाले एकूण नऊ. एवढ्या घरांना ऐन मोसमात पुरेल इतका विश्वास नऊ जणांनी पुरवायचा होता. एकट्या बाईंच्या वाट्याला तेवीस किल्ल्या आल्या, त्यात ऑरिनचीही होती. (बाईंच्या रायफलीची किल्ली ऑरिनकडे आली. तो ती रोज पुसायचा.)

मग वेंडलनं हात वर केला.

"बाई मेल्या तर?"

बाईंनी चष्मा पुसला. "रास्त प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "कोणत्या महिन्यात म्हणतोस?"

त्यावर सांगोपांग चर्चा होऊन कलम चार (ब) मंजूर झालं. दुसरी किल्ली आणीबाणीसाठी मालकाच्याच घरी राहील, परंतु बंद पाकिटात, आणि पाकिटाच्या चिकटवलेल्या जागेवर विश्वस्ताची शाईची आडवी सही असेल. आणीबाणी म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी उपसमिती नेमण्यात आली.

याप्रमाणे टॅनर्स फोर्कमधल्या तीन हजार दोनशे साठ बंदुका दोन मिलिमीटर जाड पोलादाच्या आत, तिहेरी खिटीच्या कुलपांमागे गेल्या, आणि त्या सगळ्या पोलादाचा भार अखेर पाकिटाच्या डिंकावर येऊन टेकला. अहवालात याला 'संतुलन' म्हटलं आहे.

ऑरिननं मार्नीला फोन केला. हे वाक्य तो दोन दिवस आरशासमोर म्हणून बघत होता. "कुलपात आहेत," तो म्हणाला. "चारही."

मार्नीनं लगेच विचारलं, "किल्ली कुठाय?"

"ऑर्टमनबाईंकडे."

"आणि दुसरी?"

"माझ्याकडे. पाकिटात."

"बाबा!"

"पाकिटावर बाईंची सही आहे."

मार्नी बाईंकडे सात वर्षं पियानो शिकली होती. "त्यांची? ती शेपटीवाली?"

"शेपटी या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"येतो आम्ही," मार्नी म्हणाली. "बुधवारी येतो, रविवारी निघू. पलंग लावून ठेवा." पलंग लावलेलाच होता, तरी ऑरिननं चादर बदलली. या खेपेला चादरीचं दुसरं टोक आर्डिसनं धरलं.

गुरुवारचा सण सुखात गेला. शनिवारी हरणांचा हंगाम उघडला.

टॅनर्स फोर्कमध्ये हा दिवस काय असतो हे सांगत बसत नाही. त्यानंतरच्या सोमवारी शाळेलाही सुट्टी असते, यात काय ते आलं. पहाटे पाचच्या सुमाराला बाईंच्या घरासमोर नारिंगी जाकिटं घातलेले तेवीस पुरुष हातात थर्मास घेऊन उभे होते. बाई साडेचारचा गजर लावणार होत्या आणि त्यांनी तो लावलाही होता, संध्याकाळचा. घंटा वाजवून झाली. ट्रकांचे भोंगे वाजवून झाले. अग्निशमन दलाचा प्रमुख त्या तेविसांतच असल्यामुळे एकदा बंबाची शिटीही वाजवून झाली. शेजारची कुत्री उठली, बाई उठल्या नाहीत.

इथं एक तपशील नोंदवणं आवश्यक आहे. बाईंच्या दाराला कुलूप नव्हतं. टॅनर्स फोर्कमध्ये कुणीच दाराला कुलूप लावत नाही, चौदा महिने कुलपांवर खल करणाऱ्या बाईही लावत नसत. दाराच्या काचेतून आतला दिवा दिसत होता, आणि दिव्याखाली खुंट्यांवर तेवीस किल्ल्या, नावांच्या चिठ्ठ्यांसह, वर्णानुक्रमे टांगलेल्या होत्या. दारापासून अंतर चार पावलं.

"दार उघडंच आहे," कुणीतरी म्हणालं.

"मग शीर की आत."

"तू शीर. तू म्होरक्या आहेस."

"मी?" वेंडल दोन पावलं मागे सरला. "तिसरीत असताना न विचारता आत गेलो, तर बाईंनी अर्धा तास बाहेर उभं केलं होतं."

"कुठं?"

"कुठं म्हणजे काय! याच पायरीवर."

तेवीस माणसं पायरीवरून खाली उतरली.

उपस्थितांत समितीचे सात सभासद असल्यामुळे गणपूर्ती होती. ऑरिननं अंगणातच सभा बोलावली. विषय एकच: विश्वस्त झोपून राहणे ही आणीबाणी धरावी काय? वेंडल सूचक, दोघे अनुमोदक. पण आणीबाणीची व्याख्या करणाऱ्या उपसमितीचा अहवाल आला नव्हता. (उपसमितीच्या अध्यक्षा वर झोपल्या होत्या.) विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला. तेवढ्यात एक दहा टोकांच्या शिंगांचं हरीण बाईंच्या कुंपणापाशी आलं, त्यानं दोन सफरचंदं खाल्ली, सभेकडे बघितलं आणि ते निघून गेलं. इतिवृत्तात त्याची नोंद 'निमंत्रित' अशी आहे.

थर्मास भरून आणतो असं सांगून ऑरिन घरी आला. त्यानं किटली चढवली. फळीवरून पाकीट काढलं. पाकीट किटलीच्या वाफेवर धरलं.

ऑरिन वाईट माणूस नव्हता. बापाची रायफल घेऊन त्यानं एकोणपन्नास हंगाम सूर्योदय रानात बघितला होता, पन्नासावा बाईंच्या अंगणात उजाडणार होता, आणि वाफेनं सुटलेला डिंक पुन्हा बसतो हे त्याला ठाऊक होतं. शेपटीवाली सही जशीच्या तशी राहिली असती. कुणालाही कळलं नसतं. पाकिटाचा एक कोपरा हलकेच वर उचलला गेला.

"बाबा, तुम्ही चहा कधीपासून प्यायला लागलात?"

मार्नी जिन्याखाली उभी होती, अंगावर आईचा गाऊन. ऑरिनच्या हातात पाकीट, आणि लपवायला जागा नाही. मीटर वाचण्याच्या चौतीस वर्षांत तो लोकांच्या तळघरांत खूप काही बघून आला होता, पण स्वतःच्या स्वयंपाकघरात असं सापडायची त्याला सवय नव्हती. त्याला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. माडीवर ससेवाल्या पलंगात पाइपर झोपली होती. तिचे उरलेले सगळे थँक्सगिव्हिंग या पाकिटाच्या कोपऱ्यात आहेत, हे त्याला लख्ख कळलं.

"बाई उठत नाहीयेत," तो म्हणाला.

मार्नीनं पाकिटाकडे बघितलं, मग किटलीकडे. तिनं पुढं होऊन गॅस बंद केला. "माझा कोट द्या," ती म्हणाली.

बाईंच्या अंगणात जमलेल्यांनी तिला वाट दिली. मार्नी पायरी चढली, दारातच बूट काढले आणि आत गेली. (माजी विद्यार्थ्यांना सरावासाठी कधीही यायची मुभा होती. हे कलम कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.) किल्ल्यांसमोरून ती थेट पियानोपाशी गेली आणि एक सोपी सुरावट वाजवायला लागली. सातव्या सुरावर काळी पट्टी दाबायची असते. तिनं पांढरी दाबली.

वर पलंग करकरला.

तिनं परत वाजवलं. परत पांढरी.

"मार्नी!" माडीवरून आवाज आला. "काळी! अठरा वर्षं झाली, अजून काळीच चुकतेस!"

अंगणात सगळ्यांनी टोप्या काढल्या.

बाई गाऊनमध्ये खाली आल्या, खुर्चीत बसल्या आणि चष्मा लावून तेवीस पावत्या दोन-दोन प्रतींत लिहायला घेतल्या. अक्षर सुवाच्य असलं पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष असल्यामुळे वेंडलला त्याची सही तीनदा करावी लागली. काम आटोपलं तेव्हा सव्वानऊ वाजले होते आणि रानातली हरणं नाश्ता करून केव्हाच पांगली होती. त्या दिवशी तेविसांपैकी एकालाही शिकार मिळाली नाही. समितीच्या अंतिम अहवालात हा आकडा 'वस्तूंमुळे होणाऱ्या हानीत शंभर टक्के घट' या सदरात दाखवला आहे, आणि शेजारच्या सहा गावांनी त्याच्या प्रती मागवल्या आहेत.

परतताना ऑरिननं किल्ली खिशात घातली. मग म्हणाला, "पाकिटाचा एक कोपरा सुटलाय."

"बघितला मी."

"बाईंना सांगेन. नवीन सही घेईन."

"सांगा." मार्नीनं कोटाच्या खिशातून फोन काढला. "बाबा, मीही एक सांगते. हायवेवरची मोटेलची खोली मी रविवारपर्यंत राखून ठेवली होती. म्हटलं, असावी."

ऑरिन थांबला. त्याला राग यायला हवा होता, पण हसू आलं. "रद्द करतात का गं ते लोक?"

"चोवीस तास आधी सांगितलं तर करतात," मार्नी म्हणाली, आणि तिथंच रस्त्यात उभं राहून तिनं नंबर लावला.

हे वाचून तुम्ही गालातल्या गालात हसला असाल, तर ते योग्यच आहे. असली पाकिटं, असल्या सह्या फार लांबच्या देशातल्या भोळ्या लोकांना लागतात. आपल्याकडे शेजारधर्म आहे. मे महिन्यात गावाला जाताना तुम्ही शेजारच्या काकूंच्या हातात घराची किल्ली दिलीत आणि म्हणालात, "सगळं तुमच्यावरच सोडून चाललोय हो." आतल्या कपाटाची किल्ली तुमच्या पर्समध्ये होती, आणि काकूंनाही ते ठाऊक होतं. तरी त्यांनी पंधरा दिवस तुमच्या कुंड्यांना पाणी घातलं, दुधाची पिशवी थांबवली, आणि तुम्ही परत आलात तेव्हा गरम पोळ्या आणून दिल्या. तुम्ही त्यांना आत बसवून चहा पाजलात. कपाट उघडून मोजून बघितलंत, ते त्या गेल्यावर.